अंगावरून जाणं आणि अंगावर काढणं

कोऱ्हाळे बुद्रुक काय किंवा नीरा-बारामती रस्त्यावरचं दुसरं कुठलं गाव काय, पाळीत जास्त जायला लागलं म्हणून बाई लगेच दवाखान्याची पायरी चढत नाही. आधी जावेला, शेजारणीला विचारते. मग मेडिकलमधून, नाहीतर किराणा दुकानातून काढ्याची बाटली येते. डॉक्टरकडे गेलं की ‘पिशवी काढा’ म्हणतील, ही धास्ती असते. ती निराधार नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांचं २०१९ मध्ये सर्वेक्षण झालं, तेव्हा ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यामुळे बाटलीकडे वळणाऱ्या बाईला मी अडाणी म्हणणार नाही. पण जे सांगून ती बाटली तिला दिली जाते, त्यातलं बरंचसं खरं नसतं.

‘बाटलीवर सरकारी लायसन नंबर आहे, म्हणजे गुण येणारच.’ हा सगळ्यात पक्का बसलेला समज. आयुर्वेदिक औषध बनवायला १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो, हे खरं. मात्र २०१० मध्ये आलेल्या १५८-ब या नियमानुसार, औषध आयुर्वेदाच्या ग्रंथात दिल्याप्रमाणे बनवलं आणि ग्रंथातल्याच तक्रारीसाठी दिलं, तर गुण येतो हे दाखवणारी नवी चाचणी कंपनीकडे मागितली जात नाही. ग्रंथाचा आधार पुरतो. कंपनीचा स्वतःचा पाठ असेल, तर प्रकाशित माहिती आणि एक छोटी प्राथमिक चाचणी मागतात. म्हणजे परवान्यावरून औषध कुणी आणि कोणत्या पाठाने बनवलं ते कळतं. तुमचा रक्तस्राव थांबेल की नाही, ते त्यावरून कळत नाही. शिवाय आयुर्वेदिक औषध विकायला वेगळा विक्री परवाना लागत नाही, म्हणून तर ते साबणाशेजारी मांडलेलं दिसतं. काही डब्यांवर औषधाचा परवाना नसतोच, अन्नाचा चौदा आकडी नंबर असतो. कायद्याच्या दृष्टीने तो खाऊ आहे.

अति रक्तस्रावावर दिल्या जाणाऱ्या अशोकारिष्टाचंच बघा. पाठ भैषज्यरत्नावली या ग्रंथातला, मुख्य द्रव्य अशोकाची साल. पण शाळेच्या कुंपणाशी जो सरळसोट, लोंबत्या पानांचा ‘अशोक’ असतो, तो हा नव्हे. खरा अशोक म्हणजे सीतेचा अशोक, केशरी-तांबड्या फुलांच्या गुच्छांचा. त्याची झाडं कमी होत चाललीत, साल महाग आहे, आणि सालीच्या बाजारात त्या दुसऱ्या झाडाची भेसळ होते, हे वनस्पतीतज्ज्ञांनी तपासून दाखवलं आहे. साल अस्सल असली तरी, अशोकारिष्टाने अति रक्तस्राव थांबतो असं ठामपणे म्हणता येईल अशा मोठ्या, तुलनात्मक चाचण्या झालेल्या नाहीत. बाळंतिणीला दूध यावं म्हणून दिल्या जाणाऱ्या शतावरीबद्दल निदान चाचण्या तरी आहेत, पण त्या लहान आहेत आणि त्यांचं एकमेकींशी जुळत नाही. १९९६ च्या एका भारतीय चाचणीत फरक दिसला नाही, २०११ च्या साठ मातांच्या चाचणीत दिसला. आल्याने पाळीच्या कळा कमी होतात, याला मात्र बऱ्यापैकी आधार आहे.

आता जाहिरातीविषयी. ‘पाळीच्या सर्व तक्रारींवर हमखास’ असं पत्रक हातात आलं तर एवढं लक्षात ठेवा की अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. औषधे आणि जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या तिसऱ्या कलमात पाळीच्या विकारांचं नाव स्पष्ट घेतलं आहे. सोबतच्या यादीत स्त्रियांचं वंध्यत्व आहे, गर्भाशयाचे विकारही आहेत. औषध ॲलोपॅथीचं असो, आयुर्वेदाचं असो की होमिओपॅथीचं, कायदा सगळ्यांना एकच. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. सत्तर वर्षांचा हा कायदा बायकांपर्यंत पोचलेलाच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

‘झाडपाला आहे, अपाय काय होणार?’ या समजाने तर खरोखर जिवावर बेतलं आहे. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं. सगळ्या भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधं घेत होत्या. अशा औषधांपैकी गर्भपाल रस या नावाजलेल्या गोळीच्या पाठात नागभस्म आहे, आणि नाग म्हणजे शिसं. शिसं वारेतून बाळापर्यंत जातं. मुलगा व्हावा म्हणून गुपचूप दिल्या जाणाऱ्या पुड्यांचं काय सांगावं! हरियाणातल्या अभ्यासात अशा औषधांचा संबंध बाळातल्या व्यंगांशी दिसून आला. मुलगा-मुलगी हे गर्भ राहतानाच ठरलेलं असतं, कुठलीही पुडी ते बदलत नाही.

होमिओपॅथीचं गणित वेगळं आहे. तीस पोटेन्सी म्हणजे मूळ द्रव्य शंभरात एक असं तीसदा पातळ करणं. बाराव्या वेळेपर्यंतच मूळ द्रव्याचा एखादा कण उरण्याची शक्यता जवळपास संपते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले, आणि होमिओपॅथी नक्की लागू पडते असा एकही आजार तिला सापडला नाही. मात्र ‘मदर टिंक्चर’ पातळ केलेलं नसतं. त्यात वनस्पतीचा अर्क आणि मद्यार्क दोन्ही असतात. गरोदर बाईने ते साखरेच्या गोळ्यांइतकं निरुपद्रवी समजू नये.

खरं नुकसान बहुतेक वेळा बाटलीतल्या औषधापेक्षा गेलेल्या महिन्यांनी होतं. राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयाच्या आहेत, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा ५४ टक्के आहे. त्यात दर महिन्याला अंगावरून जास्त जाणं आलं की पायऱ्या चढताना धाप लागते, आणि तेही कामाचा शीण म्हणून अंगावर काढलं जातं. लोहाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त गेलं, पांढऱ्यात तांबडं किंवा घाण वास आला, तर काढ्याची एकही बाटली संपेपर्यंत थांबू नका. यात कर्करोग नाही ना, हे आधी बघावं लागतं. बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पिशवी काढायला सांगितलीच, तर कारण विचारा, सोनोग्राफीचा कागद मागा, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आणि गर्भाशयात बसवायचं संप्रेरकाचं साधन असे उपाय बऱ्याच जणींना शस्त्रक्रियेआधी करून बघता येतात. आणि जे काही घेत होतात ती बाटली, पुडी, गोळ्यांची डबी सोबत न्या. त्यात काय आहे ते डॉक्टरांना कळायला हवं.