पत्त्यात लपलेली जात : ओसाका आणि जिंजू

ओसाकाच्या रस्त्यांवर हिंडणाऱ्या भारतीय प्रवाशाला जात कोठेच दिसत नाही. लोकांचा वर्ण सारखा, भाषा सारखी, पोशाखही सारखा. म्हणून 'तिकडे असले काही नाही' असे सांगत आपले प्रवासी परततात. हे पाहणे वरवरचे होय.

शहराच्या नानिवा भागात आशिहाराबाशी स्थानकावर उतरावे. ही जुनी वातानाबे वस्ती. येथील लोक चामडे कमावीत आणि तायको नावाचे मोठे ढोल मढवीत. ढोल देवळात वाजे. मढवणारा मात्र विटाळाचा ठरे. हा न्याय आपल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. मेली जनावरे ओढणाऱ्या, कातडी सोलणाऱ्या या लोकांना 'एता', म्हणजे मळाने भरलेले, म्हणत. १८७१ च्या फर्मानाने हे नाव रद्द झाले. पण वस्त्या तेथेच राहिल्या आणि सरकारी कुटुंबनोंदीत मूळ ठिकाणही राहिले. चेहऱ्यावरून माणूस ओळखता येत नाही, तेव्हा विषमतेने त्याचा पत्ता धरला. अशा वस्त्यांच्या नावांच्या याद्या कंपन्या गुपचूप विकत घेतात, हे १९७५ साली उघडकीस आले. उमेदवाराचा पत्ता या यादीशी ताडून पाहायचा, एवढ्यासाठीच ही खरेदी होती. लग्न ठरवताना तर मूळ शोधण्यासाठी खासगी हेर लावले जात. हा भेदभाव नष्ट करण्यासाठी २०१६ सालीही जपानला नवा कायदा करावा लागला.

या लोकांनी ३ मार्च १९२२ रोजी क्योतो शहरात 'सुइहेईशा' ही आपली संघटना उभारली. महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षे आधी. सुइहेई म्हणजे पाण्याची समपातळी. साइको मानकिची यांनी लिहिलेल्या जाहीरनाम्यात दयेची याचना नाही, माणूसपणाचा अभिमान आहे.

समुद्रापलीकडे, कोरियातील जिंजू शहरात, खाटकाचा धंदा करणाऱ्या 'पेकचोंग' लोकांची हीच कथा. १८९४ मध्ये कायद्याने दर्जाभेद मोडला. तरी त्यांच्या मुलांना शाळेची दारे बंद होती. १९०९ साली जिंजूच्या चर्चमध्ये त्यांच्यासोबत प्रार्थनेस बसायला इतर ख्रिस्ती लोक तयार नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये तेथे 'ह्योंगप्योंगसा' स्थापन झाली. या नावाचा अर्थ तराजूची समतोल दांडी. मांस तोलण्याचे रोजचे साधन समतेचे चिन्ह झाले.

कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात होता. तरीही सत्ताधारी देशातील बहिष्कृत आणि गुलाम देशातील बहिष्कृत यांनी एकमेकांशी संपर्क ठेवला, परस्परांच्या परिषदांना शुभेच्छा धाडल्या. राष्ट्राच्या भिंतीपेक्षा समान अपमानाचे नाते त्यांना जवळचे वाटले.

जिंजूत १९९६ साली या चळवळीचा स्मारकस्तंभ उभा राहिला. पेकचोंग मात्र वेगळा समाज म्हणून आज उरलेला नाही. १९५० ते ५३ च्या युद्धात गावे उठली, माणसे पांगली आणि कोण कोणत्या वस्तीचा हे सांगणारेच राहिले नाहीत. हा सवर्णांच्या हृदयपरिवर्तनाचा विजय नव्हे.

खेडे सोडून शहर गाठा, हा विचार आपल्या चळवळीने स्वीकारला, तो योग्यच होता. पण शहर आपोआप जात पुसत नाही, हे ओसाका सांगते. मुंबई-पुण्यात भाड्याचे घर मागताना आडनाव विचारले जाते, तेथे नानिवाच्या पत्त्याचेच काम आडनाव करते. म्हणून शहरात आल्यावर लढा संपत नाही. तो घरमालकाच्या दारात, नोकरीच्या अर्जात आणि लग्नाच्या बोलणीत पुन्हा उभा करावा लागतो.