साली टाकू नका

उन्हाळ्यात धारवाडचा आपूस व हिवाळ्यात पेरू आपल्या घरोघरी येतो. फळ पोटात जाते आणि साली कचऱ्याच्या गाडीत. वास्तविक त्या मातीच्या देण्यापैकी आहेत. मातीलाच परत केल्या पाहिजेत.

आमचा पहिला प्रयोग फसला. घागरीत नुसत्या साली भरून आम्ही झाकण घट्ट बसविले. आठ दिवसांत अशी दुर्गंधी सुटली की घरच्या मंडळींनी घागर बाहेर काढावयास लावली. हवेअभावी साली कुजल्या नाहीत, सडल्या! अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात काडीकचऱ्याच्या खताची पद्धत बसविली. तिचे मर्म हेच की, ओल्याला सुक्याची जोड हवी व ढिगात हवा खेळावी.

तेव्हा बुडाला व कडेला भोके असलेली मातीची कुंडी घ्यावी. तळाशी काड्या पसराव्यात. ओंजळभर सालींवर दोन ओंजळी वाळलेला पाला व मूठभर माती टाकावी. आठवड्यातून दोनदा ढवळावे. मुठीत दाबता ओल जाणवावी, पाणी ठिबकू नये. हाडे, मासळी, तेलकट खरकटे घालू नये. पावसापासून कुंडी झाकावी. भोके मात्र मोकळी ठेवावीत.

साधारण तीन महिन्यांत मातीच्या वासाचे काळसर खत तयार होते. हुबळीची चिकट काळी माती त्याने भुसभुशीत होते. धारवाडची तांबडी माती ओल धरते.

२०१६ च्या नियमांनी ओला-सुका कचरा घरीच वेगळा करणे बंधनकारक केले. म्हणजे अर्धे काम झालेच आहे. उरलेले एका कुंडीचे आहे.