दोन महिन्यांची खोली: समज आणि वस्तुस्थिती

उन्हाळी इंटर्नशिपसाठी महानगरात लागणारा निवारा सहा ते दहा आठवड्यांचा असतो. शहरातला भाड्याचा बाजार मात्र अकरा महिन्यांच्या मापाने चालतो. एजंटची दलाली, डिपॉझिट, नोटिशीची मुदत या सगळ्या गोष्टी त्याच मापाने ठरलेल्या असतात. मुंबईत दोन महिन्यांची जागा महाग पडण्याचे मोठे कारण ही मापांची तफावत आहे. भाड्याचा आकडा त्यानंतर येतो.

रायगड जिल्ह्यात लोणेऱ्याला १९८९ मध्ये स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, शिवाय महाड आणि पोलादपूरची महाविद्यालये आहेत. त्यांचे विद्यार्थी परीक्षा संपल्या की प्रशिक्षणासाठी मुंबई, नवी मुंबई आणि पुण्याकडे जातात. काहींना महाड किंवा रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत काम मिळते आणि घरूनच जाणे-येणे होते. रसायनशाखेच्या विद्यार्थ्याने शहराचा हट्ट धरण्याआधी हा पर्याय तपासावा, कारण घरभाडे वाचणे ही मोठीच कमाई आहे. बाकीच्यांना मात्र जागा शोधावीच लागते. कोकण रेल्वेचा रोहा-वीर हा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला आणि वीर स्थानकातून मुंबईकडची गाडी पकडणे शक्य झाले. म्हणून रोज वीरहून जाऊन-येऊन करता येईल, असे काही पालकांना वाटते. वीरला थांबणाऱ्या गाड्या मोजक्या आहेत आणि त्यांच्या वेळा कचेरीच्या वेळांशी जुळत नाहीत. महामार्गाने गेले तरी महाडहून पनवेलपर्यंतच शंभर किलोमीटरांहून अधिक अंतर पडते.

«गावाची खोली आहे, मग काळजी कसली?»

हा समज निराधार नाही, फक्त जुना आहे. गिरणगावात, म्हणजे लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी या भागांत कोकणातल्या गावांनी चाळींमध्ये सामाईक खोल्या घेतल्या होत्या. त्यांना गावकीच्या किंवा बैठकीच्या खोल्या म्हणत. गिरणीत तीन पाळ्या चालत, त्यामुळे एकाच खोलीत पाळीपाळीने कितीतरी पुरुष झोपत. प्रत्येकाची ट्रंक भिंतीकडेला, वळकटी खुंटीला आणि जेवण खानावळीत. दरमहा वर्गणी, खोलीचा एक कारभारी आणि त्याने पाळायला लावलेले नियम अशी ती चोख व्यवस्था होती. शहराने नवख्या माणसासाठी काहीच केलेले नसताना गावाने उभारलेले ते वसतिगृहच होते.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हे चित्र पालटले. गिरण्या बंद पडत गेल्या, चाळींचा पुनर्विकास आला, आणि सामाईक खोलीच्या जागी मिळालेल्या नव्या सदनिकेचे काय करायचे हा अनेक ग्रामस्थ मंडळांत वादाचा विषय झाला. काही गावांच्या खोल्या अजून आहेत. तिथे जागा मिळू शकते, पण ती हक्काने गृहीत धरता येत नाही. मंडळाच्या मुंबईतल्या कार्यकारिणीला आधी विचारावे लागते, वर्गणी भरावी लागते आणि लॅपटॉप उघडून रात्री काम करायला जागा असेलच असे नाही. मुलींना या खोल्यांचा उपयोग नाही, कारण त्या पहिल्यापासून पुरुषांच्याच होत्या.

खोली नसेल तर काका-मामांचे घर हा दुसरा आधार. तो फुकट असतो हाही गैरसमजच. दीड खोलीच्या घरात आठ दिवसांचा पाहुणा सुखाने सामावतो, आठ आठवड्यांचा नाही. किराणा, वीज आणि डब्याचा हिशेब पहिल्याच दिवशी बोलून घेणारी कुटुंबे पुढचा अबोला टाळतात. पहिला आठवडा नातेवाइकांकडे राहून त्या आठवड्यात स्वतः जागा बघणे, हा नात्यांचा सर्वांत चांगला उपयोग.

«अकरा महिन्यांपेक्षा कमी मुदतीचा करार होत नाही»

एजंटकडून हे वाक्य हमखास ऐकू येते. कायद्यात असे काही नाही. अकरा महिन्यांची प्रथा आली ती १९०८ च्या नोंदणी कायद्यातून. वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून वर्षाच्या आत राहायचे, अशी ती पळवाट होती. महाराष्ट्रात ही पळवाट बंद होऊन बराच काळ झाला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, मग मुदत दोन महिन्यांची असो की अकरा. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय नोंदणीकृत करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. «करार नाही म्हणजे भाडेकरूला काहीच हक्क नाही» असे समजणाऱ्यांनी हे कलम वाचण्याजोगे आहे.

नोंदणी खर्चिक असते, हा याच समजाचा जुळा भाऊ. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के असते. महिना १०,००० रुपये भाडे, २०,००० डिपॉझिट आणि दोन महिने मुदत असेल तर हिशेबाने हे शुल्क जेमतेम पन्नास रुपये निघते. खरा खर्च नोंदणी फीचा, म्हणजे महापालिका हद्दीत १,००० रुपये, आणि घरी येऊन बोटांचे ठसे घेणाऱ्या एजंटच्या मेहनतान्याचा. प्रथेप्रमाणे मालक आणि राहणारा हा खर्च वाटून घेतात.

मालकाला दोन महिन्यांचा करार नको असतो त्याचे कारण व्यावहारिक आहे: वर्षात पाच वेळा नवा माणूस शोधावा लागेल. हे कारण समजून घेतले की वाटाघाट सोपी होते. एकट्याने जाण्यापेक्षा पाठोपाठ प्रशिक्षणाला येणाऱ्या दोन वर्गमित्रांनी मिळून चार-पाच महिन्यांची हमी दिली, तर मालक ऐकतो. मात्र करारात त्या वेळी राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव हवे. एकाच्या नावावर दुसऱ्याने राहणे म्हणजे कराराचा भंग.

मुदत संपल्यावर «चार दिवस जास्त राहिलो तर काय बिघडले» असेही वाटते. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते. कंपनीने प्रशिक्षण दोन आठवड्यांनी वाढवले, तर मालकाकडून वाढीव मुदत लेखी घ्यावी.

«पीजी म्हणजे लहानसे भाड्याचे घरच»

कायद्याच्या नजरेत पीजी वेगळा. मालक स्वतः ज्या घरात राहतो त्याच घराचा काही भाग वापरायला मिळालेला, कुटुंबाबाहेरचा माणूस म्हणजे पेइंग गेस्ट, अशी १९९९ च्या कायद्याची व्याख्या आहे. असा पेइंग गेस्ट आणि वसतिगृहात राहणारा, दोघेही त्या कायद्यातल्या ‘लायसन्सी’च्या व्याख्येबाहेर आहेत. आज ‘पीजी’ पाटी लावलेल्या बहुतेक जागांत मालक राहतच नाही. कोणीतरी फ्लॅट घेऊन त्यात सहा-आठ कॉट टाकलेल्या असतात आणि एक मॅनेजर पैसे गोळा करतो. कॉट बेसिस हेच त्याचे खरे नाव. अशा ठिकाणी दोन प्रश्न आधी विचारायचे: फ्लॅटच्या मूळ मालकाची याला संमती आहे का, आणि पैशांची पावती कोणाच्या नावाने मिळते? मालकाने एक दिवस मॅनेजरलाच बाहेर काढले, तर कॉटवाल्यांचे डिपॉझिट अडकते.

राहायला येणाऱ्याची माहिती पोलिसांना देण्याचे काम मालकाचे असते. मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर ती ऑनलाइन भरता येते. त्यासाठी राहणाऱ्याकडून हजारभर रुपये ‘पोलीस व्हेरिफिकेशन’ म्हणून उकळणे चुकीचे आहे. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी घेते ते बिगर-भोगवटा शुल्कही मालकानेच द्यायचे असते आणि १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपुरते मर्यादित आहे.

डिपॉझिटवर दोन महिन्यांची कायदेशीर मर्यादा आहे, असेही सांगितले जाते. ही मर्यादा केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. महाराष्ट्रातले व्यवहार १९९९ च्याच कायद्याने चालतात. म्हणून डिपॉझिट किती, हे घासाघिशीवरच ठरते.

«भाडे कमी ती जागा स्वस्त»

सर्वांत महाग पडणारा गैरसमज हाच. समजा, फ्लॅटमधली वाटणीची जागा महिना ७,००० रुपयांना मिळाली. एजंटने एक महिन्याचे भाडे दलाली घेतली. करार अकरा महिन्यांचा, सोडताना साफसफाईचे २,००० कापले. दोन महिन्यांचा खर्च २३,००० झाला. महिनाभर आधी नोटीस न दिल्याबद्दल आणखी एक भाडे कापले गेले तर ३०,०००, म्हणजे महिना १५,०००, तोही जेवणाशिवाय. ठरावीक महिने जागा सोडता न येण्याची, म्हणजे लॉक-इनची अट असेल तर त्याहून वाईट. त्याऐवजी दोन वेळच्या जेवणासह ११,००० ची कॉट, दलाली नाही, तर एकूण २२,०००. दोन महिन्यांत खिशातून जाणारे सगळे पैसे, वजा परत मिळणारे डिपॉझिट, भागिले दोन: तुलना या आकड्याचीच करावी. प्रशिक्षणार्थीच्या विद्यावेतनाशी ताडून पाहिले की त्याचे वजन कळते. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये मिळतात, पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत ५,०००.

अंतराचा हिशेबही यातच येतो. पनवेल रायगडकरांना आपले वाटते, एसटीने उतरले की पोहोचलो. पण पनवेलहून हार्बर मार्गाने मुंबई सीएसएमटीला जायला सव्वा तासाच्या वर लागतो. कचेरी फोर्टमध्ये असेल तर रोजचे तीन तास लोकलमध्ये. तीच कचेरी ऐरोली किंवा महापेला असेल तर पनवेल, खारघर, नेरूळ हे पट्टे सोयीचे, कारण ट्रान्स-हार्बरची गाडी थेट मिळते. आधी कचेरीचे स्थानक, मग त्याच मार्गावरची जागा, हा क्रम पाळावा. कॉलेजच्या सवलतीच्या पासावर इंटर्नशिपला जाता येईल असे समजू नये. ती सवलत घर ते शिक्षणसंस्था या प्रवासासाठी असते.

पुण्याबद्दल थोडक्यात: सदाशिव, नारायण पेठांत स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांमुळे कॉट आणि मेस दोन्ही मुबलक, पण तिथून आयटी कंपन्यांचे हिंजवडी लांब. पेठेतली स्वस्त कॉट घेऊन रोज हिंजवडी गाठणाऱ्याची बचत वाहतूक कोंडीत जाते.

«वसतिगृहे फक्त प्रवेश घेतलेल्यांसाठी»

सरकारी सामाजिक न्याय वसतिगृहांबाबत हे खरे आहे. वसतिगृहाऐवजी रोख मदत देणाऱ्या स्वाधार योजनेचेही तसेच: तिची रक्कम प्रवेश घेतलेल्या संस्थेच्या गावावर ठरते, इंटर्नशिपच्या शहरावर नाही. पण नोकरदार महिलांसाठीच्या वसतिगृहांची केंद्रीय योजना, आता तिचे नाव सखी निवास, प्रशिक्षणार्थी मुलींनाही दार उघडे ठेवते. नोकरदार महिलांना जागा देऊन शिल्लक राहिली, तर एकूण क्षमतेच्या ३० टक्क्यांपर्यंत आणि एक वर्षापर्यंतच्या प्रशिक्षणासाठी ती देता येते. कंपनीचे पत्र घेऊन थेट अधीक्षिकेला भेटणे हाच इथला मार्ग.

खासगी वसतिगृहांत मे महिन्यात बऱ्याच कॉट रिकाम्या होतात, कारण मुले गावी जातात. रिकाम्या कॉटपेक्षा दोन महिन्यांचा माणूस मालकाला बरा वाटतो आणि भाड्यातही थोडी सूट मिळते. जूनच्या मध्यापासून प्रवेशांची गर्दी आणि पाऊस एकदमच येतात. म्हणून जागा एप्रिलच्या अखेरीस ठरवावी, आणि जून-जुलैतही तीच कॉट राहील हे लिहून घ्यावे. बिलात जीएसटी दिसला तर चकित होऊ नये. २०२४ मध्ये माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या निवाससेवेला करमाफी मिळाली, पण सलग ९० दिवस राहण्याची अट घालून. दोन महिने राहणारा त्या माफीत बसत नाही. अर्थात जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या चालकाला कर लावता येत नाही. त्याच्याकडे नोंदणी क्रमांक मागावा.

ऑनलाइन जाहिरातीतला फोटो बघून गावाहूनच टोकन पाठवणे धोक्याचे आहे. ‘मी लष्करात आहे, बदली झाली आहे, क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे परत येतील’ ही फसवणुकीची ठरलेली भाषा आहे. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की खात्यातून पैसे जातात, येत कधीच नाहीत. गावचा कोणी त्या भागात असेल तर त्याने जागा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय रुपयाही देऊ नये. पैसे गेलेच तर तासाभरात १९३० या क्रमांकावर तक्रार केल्यास रक्कम गोठवली जाण्याची शक्यता वाढते.

शेवटी डिपॉझिट. ‘दहा-वीस हजारांसाठी कोर्टात कोण जाणार’ या समजावरच ते बुडवणाऱ्यांचा धंदा चालतो. पीजी आणि वसतिगृह ही सेवा असल्याने ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातच तो दाखल होतो. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी, अनेक प्रकरणे तिथेच मिटतात. त्यासाठी लागणारा पुरावा मात्र पहिल्या दिवशी जमवायचा असतो: पैसे रोखीऐवजी खात्यातून दिलेले, पावती, नियमांच्या कागदाचा फोटो, आणि खोलीत शिरताना भिंती, नळ, गादी, पंखा यांची काढलेली चित्रफीत.