लंडनच्या हिवाळ्यांत बाबासाहेबांचें घर

हिवाळ्यांत लंडनला जाऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें घर पाहूं इच्छिणाऱ्या प्रवाशाला थंडीपेक्षां अंधार अधिक अडवितो. २१ डिसेंबरच्या सुमारास आपल्या भिवंडींत दिवस सुमारें ११ तासांचा असतो. लंडनला तो ८ तासांचाहि भरत नाहीं. पृथ्वीचा आंस साडेतेवीस अंशांनीं कललेला असल्यामुळें त्या दिवसांत लंडनचा सूर्य भर दुपारींहि क्षितिजापासून अवघा १५ अंश वर चढतो, आणि चार वाजण्यापूर्वीं मावळतो. तेव्हां किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचें हें घर सकाळींच गांठावें.

१९२१-२२ सालीं बाबासाहेब येथें राहत असत. २०१५ मध्यें महाराष्ट्र शासनानें तें विकत घेतलें व तेथें स्मारक झालें.

सहलीस उन्हाळा सोयीचा, हें खरें. परंतु या घराचें महत्त्व हिवाळ्यांत अधिक उमगतें. घरच्या गरिबीची चिंता मनांत वागवीत, परक्या देशांतील असे तोकडे दिवस त्या विद्यार्थ्यानें ग्रंथालयांत वाचनांत घालविले. १९२३ सालीं लंडन विद्यापीठाची डी.एस्‌सी. पदवी त्यांस मिळाली, ती या परिश्रमांनंतर.