हरत्या वर्षाचा कर्णधार

1998 साल भारतीय हॉकीसाठी डिसेंबर उजाडेपर्यंत तरी सांगण्यासारखं नव्हतं. मे महिन्यात नेदरलँड्समध्ये उट्रेक्टला विश्वचषक झाला. बारा संघांत भारत नववा. सप्टेंबरमध्ये क्वालालंपूरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत हॉकी पहिल्यांदाच आला, तिथे चौथा. चौथा क्रमांक म्हणजे सगळे सामने खेळायचे आणि हात हलवत परत यायचं. दोन वर्षांपूर्वी अटलांटा ऑलिंपिकमध्ये आठवा क्रमांक आला होता, तेव्हा लोकांना निदान रागावण्याची ताकद होती. 1998 च्या पावसाळ्यानंतर तीही उरली नव्हती. बँकॉकला आशियाई स्पर्धा होणार होत्या आणि हॉकीतलं भारताचं शेवटचं आशियाई सुवर्ण 1966 चं होतं. तेही बँकॉकलाच मिळालेलं.

या संघाचा कर्णधार खडकीचा होता. धनराज पिल्ले, वय तीस.

पुण्यात 'धनराज आपला' असं म्हणण्याची पद्धत आहे, पण तो पुण्यापेक्षा खडकीचा आहे. होळकर पुलाच्या अलीकडचे पेठांमधले पुणेकर खडकीला पुण्यात धरतात ते साधारण जिंकल्यावर. एरवी खडकी म्हणजे कॅन्टोन्मेंट, लष्कराच्या भिंती, बाजार, लोकलचं स्टेशन आणि इतिहासाच्या पुस्तकातली 5 नोव्हेंबर 1817 ची लढाई. इंग्रजांनी इथे 1869 साली दारूगोळ्याचा कारखाना काढला आणि त्याच्या मागोमाग कामगारांची वस्ती आली. मराठी, तमिळ, तेलुगू, उत्तरेकडचे, गोव्याकडचे, सगळे एका भोंग्यावर कामाला जाणारे. लष्कर आणि कारखाना शेजारी असले की तिथे मैदानं असतात आणि त्या मैदानांवर साहेबानं आणलेले खेळ असतात. खडकीत त्यातला हॉकी रुजला.

धनराजचे वडील नागलिंगम हे ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाचे राखणदार. मैदान सारखं करायचं, आखायचं, पावसात सांभाळायचं, हे त्यांचं काम. आई आंडाळम्मा. घरात पाच मुलगे आणि पाचही हॉकी खेळावेत ही आईची इच्छा. नवी स्टिक परवडण्याचा प्रश्नच नव्हता. मोठ्यांनी मोडून टाकलेल्या स्टिका बांधून घ्यायच्या, टाकून दिलेले चेंडू वेचायचे आणि वडील ज्या मैदानाची निगा राखतात त्याच मैदानावर खेळायचं. डोळ्यांसमोर मोहम्मद शाहिद, 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकच्या सुवर्णसंघातला, चेंडू स्टिकला चिकटवून पळणारा.

मातीवरच्या हॉकीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ त्यात आहे. हॉकी स्टिकची एकच बाजू सपाट असते, डावीकडची. गोल बाजूनं चेंडू मारायला नियमाची बंदी. म्हणजे चेंडू डावीकडून उजवीकडे न्यायचा तर दर वेळी मनगट फिरवून स्टिक उलटी करावी लागते. मातीवर चेंडू कधी सरळ येत नाही. खड्यावर आपटून उसळतो, ओल्या जागी अडकतो, गवताच्या झुबक्यापाशी वळतो. म्हणून मातीवर वाढलेला पोरगा चेंडू दूर सोडत नाही, स्टिकच्या ओठापाशीच खेळवत नेतो. त्याचं मनगट सतत जागं असतं. धनराजच्या पळण्यात हे शेवटपर्यंत दिसायचं: केस उडतायत, कंबर वाकलेली, आणि एवढ्या वेगातही चेंडू पावलापासून हातभर अंतरावर.

पण 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम हिरवळीवर, म्हणजे टर्फवर, गेला. तिथे चेंडू सरळ आणि भन्नाट जातो. मनगटापेक्षा पास, अंतर आणि दम यांचा हिशोब मोठा. त्या माँट्रियलमध्ये भारत सातवा आला आणि पुढची वीस-बावीस वर्षं आपण दोन्ही डगरींवर हात ठेवून राहिलो. मुलं मातीवर घडवायची आणि सामने टर्फवर खेळायचे. दर पराभवानंतर 'आपला कलात्मक हॉकी' असं म्हणत उसासे टाकायचे. हा उसासा मला नेहमीच थोडा आळशी वाटतो. टर्फ महाग होतं, ते घातलं नाही, एवढं साधं कारण कलेच्या नावाखाली झाकलं गेलं.

तरी खडकीतून खेळाडू येत राहिले, कारण तिथे मैदानासोबत आणखी एक गोष्ट होती. नोकरी. धनराजचा मोठा भाऊ रमेश मुंबईत आरसीएफ या खत कंपनीकडून खेळायचा, भारताकडूनही खेळला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात धनराज त्याच्या मागोमाग मुंबईला गेला. मग महिंद्र अँड महिंद्रमध्ये लागला. तिथे जोकिम कार्व्हालो त्याचे प्रशिक्षक. पुढे इंडियन एअरलाइन्स. खतं, जीप आणि विमानं, या तिन्हींचा हॉकीशी काय संबंध? संबंध इतकाच की महिन्याच्या एक तारखेला पगार मिळायचा, सरावाला सुट्टी मिळायची आणि स्पर्धेला संघ पाठवला जायचा. आधी पोटोबा मग विठोबा हे आपल्याकडे क्रीडाधोरण म्हणून कुणी लिहून ठेवलं नाही, पण चाळीस-पन्नास वर्षं देशाचा हॉकी चालला तो यावरच. रेल्वे, पोलीस, लष्कर, तेल कंपन्या, बँका. खडकीच्या मैदानावर तिन्हीसांजेला खेळणाऱ्या पोराच्या बापाला हॉकीत भवितव्य दिसायचं ते ऑलिंपिकचं नव्हे, 'स्पोर्ट्स कोट्या'चं. खडकीतल्याच बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये 2012 साली चांदवडच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ भरती झाला. आधी लष्कराची नोकरी लागली, मग वल्हं हातात आलं, आणि 2016 मध्ये तो रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगला उतरला. खेळ वेगळा असला तरी रस्ता तोच.

तर 1989 मध्ये दिल्लीच्या आशिया चषकात धनराज पहिल्यांदा भारताकडून उतरला आणि त्यानंतरच्या नऊ वर्षांत हरणं म्हणजे काय याचं त्याला पुरेपूर शिक्षण मिळालं. 1990 च्या आशियाई स्पर्धेत रौप्य. 1994 ला हिरोशिमात अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाकडून हार, पुन्हा रौप्य. बार्सिलोना सातवा, अटलांटा आठवा. 1994 च्या सिडनी विश्वचषकात जागतिक संघात निवडला गेलेला तो एकटा भारतीय. संघ हरतोय आणि आपल्याला शाबासकी मिळतेय, अशी ही विचित्र जागा. त्याच्या तापट स्वभावाबद्दल खूप लिहून आलंय. वर्षानुवर्षं अशा जागी उभा राहिलेला माणूस शांत राहिला असता तरच नवल.

उट्रेक्टनंतर संघ एम. के. कौशिक यांच्या हाती आला. 1980 च्या मॉस्को सुवर्णसंघातले ते खेळाडू. हरणारा संघ हाती आला की सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे अर्धा संघ बदलून टाकणं. वर्तमानपत्रं खूश होतात आणि सहा महिने जबाबदारी टळते. बँकॉकला उतरलेली नावं पाहिली तर असली खोगीरभरती झालेली दिसत नाही. धनराज, मुकेशकुमार, आशिष बल्लाळ हे जुनेजाणते. दिलीप तिर्की, बलजितसिंग ढिल्लन, समीर दाद हे नव्या दमाचे. माणसं बरीचशी तीच, वर्षभर हरलेली. बदललं ते त्यांच्यासोबत कोण होतं, ते.

गोलकीपरांसाठी मीररंजन नेगी यांना आणलं. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाकिस्ताननं भारताला 7-1 असं हरवलं तेव्हा गोलमध्ये नेगी होते. त्या सात गोलांनंतर त्यांच्यावर विकले गेल्याचे आरोप झाले, लोकांनी जगणं अवघड केलं आणि ते वर्षानुवर्षं हॉकीपासून दूर राहिले. अशा माणसाला राष्ट्रीय संघाच्या गोलकीपरांपुढे उभं करणं याला धैर्य लागतं, बोलावणाऱ्याला आणि येणाऱ्यालाही. 'चक दे! इंडिया' सिनेमामुळे नेगींची गोष्ट घराघरात पोचली. त्यातल्या नट्यांना हॉकी त्यांनीच शिकवला. पण सिनेमातला संघ एका भाषणानं पेटतो. खरा गोलकीपर तयार होतो तो शेकडो वेळा एकाच कोपऱ्यात झेपावून, आणि तिथे भाषणाचा काही उपयोग नसतो.

आणखी एक गोष्ट त्या वेळी धनराजच्या पथ्यावर पडली असं माझं मत आहे. हॉकीतला ऑफसाइडचा नियम याच सुमारास गेला. आधी दोन वर्षं प्रयोग म्हणून, मग 1998 मध्ये कायमचा. बचावफळीला आता एक पाऊल पुढे येऊन फॉरवर्डला अडकवता येईना. ज्याच्याकडे वेग आहे त्याच्यासाठी प्रतिस्पर्ध्याच्या 'डी'भोवतीची सगळी जमीन मोकळी झाली. बँकॉकमध्ये भारताचे सर्वाधिक गोल धनराजचेच होते.

अंतिम सामना पुन्हा दक्षिण कोरियाशी. चार वर्षांपूर्वीचा हिशोब समोरच होता. जादा वेळेनंतरही बरोबरी सुटली नाही आणि सामना टायब्रेकरवर गेला. आजच्यासारखं आठ सेकंदांत गोलकीपरला चकवण्याचं शूटआउट तेव्हा नव्हतं. पेनल्टी स्ट्रोक होते. गोलपासून 6.40 मीटरवर चेंडू ठेवायचा. गोल 3.66 मीटर रुंद, 2.14 मीटर उंच. मारणारा चेंडूला ढकलेपर्यंत गोलकीपरला पाय हलवता येत नाही. त्यानंतर त्याच्याकडे पापणी लवायला लागतो जेमतेम तेवढाच वेळ. हिशोब पूर्णपणे मारणाऱ्याच्या बाजूचा. गोलकीपर स्ट्रोक अडवतो तेव्हा चेंडू बघून फारसा अडवत नाही. मारणाऱ्याचा डावा खांदा कुठे उघडतो, पुढचा पाय कुठे टेकतो, नजर शेवटी कुठे जाते, यावरून आधीच ठरवून झेपावतो. आशिष बल्लाळनं कोरियाचे दोन स्ट्रोक अडवले. भारत 4-2 असा जिंकला. बत्तीस वर्षांनी सुवर्ण.

दुसऱ्या कुठल्याही देशात इथून पुढे बांधकाम सुरू झालं असतं. आपल्याकडे पाडकाम झालं. पुढच्याच मालिकेसाठी संघ निवडताना धनराज, बल्लाळ आणि आणखी काही ज्येष्ठ खेळाडूंना वगळण्यात आलं. अधिकृत शब्द होता विश्रांती. सामन्यांचे पैसे मिळत नाहीत याबद्दल कर्णधारानं तोंड उघडलं होतं, त्याचा हा वचपा, असं बहुतेकांनी मानलं. प्रशिक्षक म्हणून कौशिकही राहिले नाहीत. हरलेल्या संघाला सांभाळून घेणारी आणि जिंकलेल्याला मोडणारी संघटना जगात आणखी कुठे असेल तर मला ठाऊक नाही.

धनराज परत आला, कारण त्याच्याशिवाय भागेना. पण 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये पोलंडविरुद्ध 1-0 असं पुढे असताना शेवटच्या दोन मिनिटांत गोल खाल्ला आणि उपांत्य फेरी हुकली. दोन वर्षांपूर्वी जमलेलं ते रसायन तसंच टिकवलं असतं तर ती दोन मिनिटं निभावली असती का? सिद्ध करता येणार नाही, पण मला हा प्रश्न अजून सोडत नाही. 2003 मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली भारतानं पहिल्यांदा आशिया चषक जिंकला. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकच्या संघात तर दोन पिल्ले होते, धनराज आणि मधल्या फळीतला विक्रम. भाऊ नव्हेत, पण दोघेही खडकीचे. एका कॅन्टोन्मेंटनं एकाच ऑलिंपिकला दोन खेळाडू पाठवले. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स करंडक आणि चार आशियाई स्पर्धा खेळून धनराज त्याच वर्षी थांबला.

त्यानंतर भारतीय हॉकीनं 1998 पेक्षाही काळी वर्षं पाहिली. 2008 मध्ये चिलीतल्या सांतियागोला पात्रता सामना हरून आपण ऑलिंपिकलाच गेलो नाही. तेव्हा प्रशिक्षक होते धनराजला महिंद्रमध्ये घडवणारे कार्व्हालो. 2012 ला लंडनमध्ये बारावे, म्हणजे शेवटचे, एकही सामना न जिंकता. त्यातून संघ पुन्हा उभा राहिला तो मात्र वेगळ्या पद्धतीनं. परदेशी प्रशिक्षक, वर्षभराची शिबिरं, टर्फवरच वाढलेली मुलं आणि 2018 पासून ओडिशा सरकारचा पैसा. टोकियोत कांस्य, पॅरिसमध्ये पुन्हा कांस्य.

या दोन्ही पदकांच्या संघांत महाराष्ट्राचा एकही खेळाडू नव्हता. पिंपरीत नेहरूनगरला टर्फ आहे, बालेवाडीला आहे; खडकीच्या पोरासाठी ते बस बदलून जाण्याच्या अंतरावर आहे आणि जाऊन-येऊन संध्याकाळ संपते. इंडियन एअरलाइन्स एअर इंडियात विलीन झाली आणि एअर इंडिया 2022 मध्ये खासगी झाली. ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या 2021 मध्ये सात कंपन्या झाल्या. खडकीची फॅक्टरी म्युनिशन्स इंडियाकडे गेली. कंपनीला ताळेबंद दाखवावा लागतो आणि मैदानाच्या राखणदाराचा पगार त्यात कुठल्या रकान्यात घालायचा हे कुणी सांगत नाही. ओडिशात सुंदरगडच्या आदिवासी पाड्यावरच्या मुलाला वसतिगृह, टर्फ आणि मागे उभं असलेलं सरकार दिसतं. खडकीच्या बापाला हे तिन्ही दाखवल्याशिवाय तो पोराच्या हातात स्टिक का देईल?