साथीदाराचे तिकीट

सवलत आणि हक्क यांतील अंतर कायद्याच्या पुस्तकात जेवढे स्पष्ट होत नाही, तेवढे ते तिकीटखिडकीसमोर होते. समजा, चालता न येणारे बारा-तेरा वर्षांचे मूल घेऊन एखादे कुटुंब मनोरंजन उद्यानाच्या दाराशी आले. मुलाला खुर्चीतून उचलून पाळण्यात बसविण्यास, पुन्हा उतरविण्यास, स्वच्छतागृहात नेण्यास कोणीतरी मोठे माणूस बरोबर हवेच. असे माणूस असल्याशिवाय मुलाला आत सोडता येणार नाही, असे सुरक्षिततेचे कारण देऊन व्यवस्थापनाने सांगितले, तर ते समजण्यासारखे आहे. परंतु ते माणूस आले म्हणजे त्याच्याकडून पूर्ण तिकीट मागायचे, हे मात्र तर्काला धरून नाही. ज्याची उपस्थिती सक्तीची, तो पाहुणा नव्हे. तो त्या मुलाच्या हातापायांच्या जागी उभा असतो. त्याचे तिकीट वेगळे मोजणे म्हणजे त्या मुलाकडून दुप्पट दर घेणेच होय.

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू वस्तीपुरता आहे, असे समजण्याचे कारण नाही. धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील ईट यांसारख्या गावांत तो अधिक बोचतो. शेतीवर आणि दुधावर चालणाऱ्या घरातून वर्षाकाठी एखादी सहल घडते, तीही बहुधा शाळेची. त्या सहलीच्या वर्गणीबरोबर आणखी एका मोठ्या माणसाचा खर्च उभा राहिला, म्हणजे निर्णय घरातच आणि मुकाट्याने होतो. मूल घरी राहते. त्याला कोणी नाही म्हटलेले नसते आणि म्हणूनच त्याची तक्रारही कोठे नोंदली जात नाही.

जत्रेचा रिवाज आणि उद्यानाचा नियम

वस्तुतः या भागाला मनोरंजनाची जुनी परंपरा आहे ती जत्रेची. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्यास येडेश्वरीची यात्रा भरते आणि पंचक्रोशीतील माणूस तिकडे लोटतो. जत्रेतल्या पाळण्याचा हिशेब साधा असतो : जो बसेल त्याने पैसे द्यावेत. पोराला कडेवर घेऊन आलेला बाप खाली उभा राहिला तर त्याच्याकडे कोणी दमडी मागत नाही. तुळजापूरला देवीच्या दर्शनासाठी पायऱ्या उतरून जावे लागते; तेथेही म्हाताऱ्या आईला उचलून नेणारा मुलगा तिच्याहून वेगळा मोजला जात नाही. नेणारा आणि नेला जाणारा मिळून एक, हे लोकांच्या अंगवळणी पडलेले गणित आहे.

मनोरंजन उद्यानांनी हे गणित बदलले. १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उभे राहिले आणि आता जिल्ह्याजिल्ह्यांत जलउद्याने निघत आहेत. अशा उद्यानांत बहुधा दारावरच एकरकमी तिकीट घेतले जाते आणि आतील सर्व खेळांचे मोल त्यात धरलेले असते. दिवसभर खेळणाऱ्याला ते परवडते. परंतु जो दिवसभर खुर्ची ढकलणार, चपला सांभाळणार आणि रांगेत उभा राहणार, त्यानेही न खेळलेल्या सर्व खेळांचे पैसे भरावेत, असा त्याचा परिणाम होतो. साथीदाराला काय आकारावे, हे आज ज्या त्या व्यवस्थापनाच्या मर्जीवर आहे. मर्जी उदार असू शकते. पण मर्जी म्हणजे नियम नव्हे.

एस.टी.चा हिशेब

याउलट सार्वजनिक प्रवासाने साथीदाराला फार पूर्वीच ओळखले आहे. रेल्वेत, ज्या दिव्यांग प्रवाशाला सोबतीशिवाय प्रवास करता येत नाही त्याला शयनयान वर्गात ७५ टक्के सवलत असते आणि त्याच्या एका साथीदारालाही तेवढीच मिळते. येथे विचार सरळ आहे : दोघांची गरज एक, म्हणून दर एक. एस.टी.च्या साध्या गाडीत दिव्यांगाला ७५ टक्के सवलत आहे. दिव्यांगत्व ६५ टक्के वा त्याहून अधिक असेल तर साथीदाराला ५० टक्के आहे.

परंतु मार्च २०२३ पासून एस.टी.त सर्वच स्त्रियांना निम्मे भाडे लागू झाले. ही योजना स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. मात्र तिच्यामुळे एक गोष्ट नकळत घडली. दिव्यांग मुलाची सोबत बहुतेक घरांत आई करते. ती आज साथीदार म्हणून गाडीत बसली काय किंवा केवळ स्त्री म्हणून बसली काय, भाडे तेवढेच. म्हणजे साथीदार या नात्याने तिला मिळणारा लाभ शून्यावर आला. ज्या सवलतीचा मूळ हेतू गरजेची भरपाई हा होता, ती सर्वसाधारण सवलतीत विरघळून गेली आणि कोणाच्या ते ध्यानातही आले नाही. सवलत ही दया म्हणून दिली की तिचे असेच होते. हक्क म्हणून दिली असती तर तिचा फेरविचार आपोआप झाला असता.

कायदा काय म्हणतो

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम या बाबतीत मुका नाही. मोबदला घेऊन वा न घेता आधार देणारी व्यक्ती, मग ते आईवडील का असेनात, ही काळजीवाहू होय, अशी व्याख्याच त्यात आहे. २९ वे कलम सांस्कृतिक जीवन व करमणुकीत समान सहभागाची जबाबदारी शासनावर टाकते. १६ वे कलम शिक्षणसंस्थांना बजावते की, खेळ व करमणुकीची संधी दिव्यांग विद्यार्थ्यांना इतरांच्या बरोबरीने मिळाली पाहिजे. सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत करमणुकीची खाजगी स्थळेही येतात. उणीव आहे ती एकाच दुव्याची : साथीदाराच्या तिकिटाविषयी या तत्त्वांतून निघणारा स्पष्ट नियम कोणी लिहिलेला नाही.

असा नियम लिहिताना दुसरी बाजूही सांभाळावी लागेल. २०१२ मध्ये मस्तिष्क पक्षाघात असलेल्या जीजा घोष या एका परिषदेसाठी कोलकात्याहून गोव्याला एकट्या निघाल्या असता त्यांना विमानातून उतरविण्यात आले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दहा लाख रुपये भरपाई देवविली. या प्रकरणाचा धडा असा की, साथीदार ही दिव्यांगाची सोय आहे. त्याच्यावर लादण्याची अट नव्हे. जो एकटा येऊ शकतो त्याला सोबत आणण्यास भाग पाडू नये आणि ज्याला सोबत लागते त्याच्याकडून तिची किंमत घेऊ नये. ही दोन वाक्ये एकत्र लिहिली तरच न्याय होईल. त्यांतले एकच घेतले तर एक तर अपमान पदरी येतो, नाही तर भुर्दंड.

गैरवापर होईल, हा आक्षेप नेहमीचा आहे. त्याला उत्तरही आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २००३ मध्ये ‘कंपॅनियन कार्ड’ सुरू केले. ज्याला आयुष्यभर सोबतीची गरज आहे अशालाच ते मिळते आणि ते दाखविले की योजनेत सामील असलेल्या ठिकाणी साथीदाराला दुसरे तिकीट पडत नाही. युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या दिव्यांगपत्राच्या निर्देशातही सोबतीच्या व्यक्तीचा विचार आहे. आपल्याकडे वैश्विक ओळखपत्र अगोदरच दिले जाते. कायद्यात ‘अधिक आधाराची गरज’ हा वर्गही आहे. त्या ओळखपत्रावर ‘साथीदार आवश्यक’ एवढी नोंद वैद्यकीय मंडळाने केली की खिडकीवरील कारकुनाला तर्क लढवावा लागणार नाही आणि दिव्यांगाला आपली व्यथा चारचौघांत सांगावी लागणार नाही. उद्यानाच्या नुकसानीचे म्हणाल, तर एसटीत साथीदाराने एक आसन अडते. उद्यानात खुर्ची ढकलणाऱ्या माणसाने काय अडते?

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार २९ लाख ६३ हजारांवर दिव्यांग व्यक्ती होत्या. २०२२ च्या अखेरीस राज्याने त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. उद्याने, संग्रहालये, नाट्यगृहे या सर्वांना लागू होणारा साथीदारविषयक आदेश काढणे हे त्या विभागाला न पेलणारे काम नाही. तोवर शाळांनी थांबण्याचे कारण नाही. समग्र शिक्षा योजनेत मुलाला शाळेपर्यंत आणण्यासाठी मदतनीस भत्त्याची तरतूद आहे. म्हणजे शाळेच्या फाटकापर्यंत शासनाला ही गरज मान्य आहे. सहलीची गाडी त्याच फाटकातून निघते. साथीदाराचा खर्च त्या एका घरावर न टाकता सहलीच्या एकूण खर्चात धरला, तर पन्नास मुलांच्या सहलीत प्रत्येकाच्या वाट्याला एका माणसाच्या खर्चाचा पन्नासावा भाग येतो. एवढा भार उचलायला शासननिर्णयाची नव्हे, शिक्षकांच्या एका बैठकीची गरज आहे.