कानांची परीक्षा

ग्रामोफोनच्या तबकडीवर सुई फिरू लागली, की तिच्यातून विजेची जी लहर निघते, ती अवघी काही सहस्रांश व्होल्टची असते. एवढ्या दुर्बळ लहरीने कर्ण्याचा कागदी पडदा हलत नाही. तिचे रूप तसेच राखून तिला बळ देणाऱ्या यंत्रास ध्वनिवर्धक किंवा ॲम्प्लिफायर म्हणतात. हे यंत्र व्हॉल्व्हचे चांगले की ट्रान्झिस्टरचे, यावरून आमच्या घरी एकदा मोठा वाद झाला. माझे थोरले बंधू व्हॉल्व्हचे कैवारी, तर त्यांचे चिरंजीव ट्रान्झिस्टरचे!

मुलांनो, हा वाद समजण्यासाठी या दोन वस्तूंची ओळख करून घेऊ. व्हॉल्व्ह म्हणजे काचेची निर्वात नळी. तिच्यातील तार तापली, की इलेक्ट्रॉन नावाचे सूक्ष्म कण बाहेर पडून समोरच्या धातूच्या पत्र्याकडे धावतात. त्यांच्या वाटेत एक जाळी असते. ही जाळी बसविण्याची युक्ती ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकाने १९०६ च्या सुमारास काढली. पाटकरी दार थोडेसे वरखाली करून पाण्याचा मोठा प्रवाह ताब्यात ठेवतो ना? त्याचप्रमाणे जाळीवर आलेली दुर्बळ लहर इलेक्ट्रॉनांचा प्रबळ प्रवाह कमीअधिक करते. पुढे डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन व ब्रॅटन यांनी हेच कार्य स्फटिकाच्या लहानशा तुकड्याकडून करवून घेतले. तोच ट्रान्झिस्टर. या कार्यासाठी त्या दोघांना व शॉकली यांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

व्हॉल्व्ह तापून सिद्ध होण्यास अर्धा-एक मिनिट लागते. तो वीज अधिक खातो आणि काही हजार तासांनी बदलावा लागतो. त्याच्या यंत्रात शेकडो व्होल्टचा दाब असतो व वीज बंद केल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. म्हणून मुलांनी ती पेटी कधीही उघडू नये. ट्रान्झिस्टरचे यंत्र तत्काळ सुरू होते, हलके असते आणि वर्षानुवर्षे चालते.

मग व्हॉल्व्हची थोरवी कशात? कोणतेही यंत्र मूळ लहरीत थोडीफार भेसळ करतेच. अनेक व्हॉल्व्हयंत्रांची भेसळ मुख्यत्वे दुप्पट कंपनसंख्येच्या, म्हणजे वरच्या सप्तकातील त्याच स्वराची असते. ती कानाला खुपत नाही. शक्तीची मर्यादा ओलांडली, की व्हॉल्व्ह लहरीचा माथा हळूहळू गोल करतो. ट्रान्झिस्टर मात्र तो एकदम छाटतो आणि आवाज कर्कश होतो.

अखेर आम्ही परीक्षाच घेतली. दोन्ही यंत्रे पडद्याआड ठेवली. तबकडी तीच, कर्णाही तोच. पहिल्या फेरीत सर्वांनी एकाच यंत्राला कौल दिला. बंधू म्हणाले, “हा माझा व्हॉल्व्ह!” तो निघाला ट्रान्झिस्टर! आमच्या एका अभियंता स्नेह्यांनी मापकयंत्र लावून पाहिले, तर त्या यंत्राचा आवाज किंचित मोठा होता. असा अल्प फरक कानाला मोठा न वाटता गोड वाटतो. दोन्ही आवाज समान केल्यावर बंधूंनी दहा वेळा ओळखले. पाच उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही तेवढीच आली असती! आवाज फारच चढविला, तेव्हा मात्र भेद स्पष्ट कळला. परंतु आमच्या खोलीला एवढ्या आवाजाची गरजच नव्हती.

बंधू क्षणभर गप्प झाले. मग हसून म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षे मी गाणे डोळ्यांनीच ऐकत होतो! तरीही हा व्हॉल्व्ह मी ठेवणार. त्याच्या तांबूस प्रकाशात बसून मी वडिलांबरोबर गाणी ऐकली आहेत.”

त्यांचा निर्णय मला आवडला. एखादी वस्तू प्रिय असणे हा दोष नव्हे. पण प्रिय आहे म्हणून ती श्रेष्ठ, असे म्हणण्यापूर्वी तिला पडद्याआड ठेवून पाहावे.